गोळीचा अंगरखा

मराठीतला 'गोळी' हा शब्द मोठ्या गरीब स्वभावाचा आहे. जे काम सांगावे ते तो मुकाट्याने करतो. डॉक्टरांनी दिलेली तापाची गोळी तोच, पोरांच्या गालात फिरणारी लिमलेटची गोळी तोच, लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत घालायची डांबराची गोळी तोच, आणि बंदुकीतून सुटणारी गोळीही तोच. इंग्रजीला या चार कामांसाठी चार निराळे नोकर ठेवावे लागतात. संदर्भावरून अर्थ कळतो, असे आम्ही मास्तर लोक वर्गात सांगतो, आणि बहुतेक वेळा तो कळतोही. परंतु अमेरिकेत आज अशी हजारो घरे आहेत की जेथे लिमलेटची गोळी आणि बंदुकीची गोळी शेजारी शेजारी ठेवली, तर चार वर्षांच्या मुलाला त्यांतला फरक सांगता येणार नाही. दोन्ही लाल, दोन्ही चकचकीत, दोन्ही चिमटीत मावणाऱ्या.

माझा एक भाचा ओहायोत असतो. मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. शनिवार-रविवारी तो नेमबाजीच्या मैदानावर जातो, आणि मैदानावर लागणाऱ्या गोळ्या घरी स्वतः ओततो. एवढ्यावर भागत नाही. ओतलेल्या गोळ्यांना तो रंगीत अंगरखा चढवतो. या कलेला तिकडे पावडर कोटिंग म्हणतात. गेल्या हिवाळ्यात त्याने तबकभर गोळ्यांचे छायाचित्र पाठवले. लाल, पोपटी, आकाशी अशा रांगा पाहून आमच्या ताईने, म्हणजे त्याच्या आईने, सूनबाईच्या पाककौशल्याचे कौतुक केले. खरा प्रकार कळल्यावर ताई दोन दिवस मुलाशी बोलली नाही.

आता दिवाळीच्या अंकात हा कसला विषय, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीतही आपण दारूच उडवतो, नाही का? शिवाय या अंगरख्याचा इतिहास आपल्या देशाच्या इतिहासात फार खोल शिरलेला आहे. तो शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. मात्र गोळीला अंगावर काही लागतेच कशाला, हे शाळेत सहसा सांगत नाहीत. तेथूनच आरंभ करतो.

काडतूस आणि गोळी या दोन निराळ्या वस्तू आहेत. काडतूस (हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, आणि 'पिस्तूल' बहुधा त्याच गलबतातून उतरले) म्हणजे चौघांचा संसार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. बार उडाला की दारूचा वायू होतो, पुंगळी मागे राहते आणि एकटी गोळी पुढे जाते. ही गोळी शिशाची करण्याचा प्रघात शेकडो वर्षांचा आहे. शिसे जड असते, स्वस्त असते आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या शेगडीवरही त्याचे पाणी होते. मऊ तर इतके, की शुद्ध शिशावर नखाने ओरखडा काढावा.

पण हा मऊपणाच आड येतो. बंदुकीच्या नळीला आतून मळसूत्री खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. पिस्तुलाची गोळी या खाचांतून सेकंदाला तीनशे मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने घासत निघते, आणि तिच्या पाठीशी जळता वायू असतो. अशा वेळी उघडे शिसे नळीला चिकटते, कढईच्या बुडाला खवा लागावा तसे. दहा-वीस बारांनंतर खाचा भरू लागतात, नेम बिघडतो आणि मग ब्रशने खरवडत बसावे लागते. तेव्हा शिसे आणि पोलाद यांच्यामध्ये तिसरे काहीतरी हवे. ते काय असावे, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत निरनिराळी उत्तरे मिळाली. त्यांतले एक उत्तर आपल्याला फार महाग पडले.

१८५३ साली इंग्रजांनी एनफील्ड रायफल काढली आणि थोड्याच वर्षांत ती हिंदुस्थानातल्या पलटणींसाठी आली. तिचे काडतूस कागदाचे होते. वरचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, आणि मग गोळी तिच्या कागदासकट नळीत घालून गजाने खाली सारायची. गोळीभोवतीचा हा कागद बाहेरून वंगणात बुडवलेला असे. वंगणात चरबी आणि मेण. चरबी कोणत्या जनावराची? गाईची किंवा डुकराची नसावी, अशी काळजी कोणी घेतली नव्हती, हे पुढे चौकशीत सरकारी अधिकाऱ्यांनाच कबूल करावे लागले.

कलकत्त्याजवळ डमडमला दारूगोळ्याचे ठाणे होते. आज त्याच परिसरात कोलकात्याचा विमानतळ आहे. १८५७ च्या जानेवारीत तेथल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की गाईची आणि डुकराची चरबी लावलेले काडतूस दाताने तोडाल तेव्हा कसली जात राहणार आहे! ही हकीकत २२ जानेवारीला कॅप्टन राइट या अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळवली. सरकारने हालचालही चटकन केली. महिनाअखेरीच्या आत हुकूम निघाला, की काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपापले मेण-तेल बाजारातून आणून लावावे.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर अगदी बरोबर होते. मेण आणि तेल यांनी गोळीचे काम उत्तम भागते. परंतु शिपायांचा संशय आता वंगणावरून कागदावर गेला. हा कागद एवढा चकाकतो कशाने, असे ते विचारू लागले. मग दाताने तोडण्याऐवजी हाताने फाडण्याची कवायत ठरवली, तर तीही फसवणूक वाटली. एप्रिलच्या २४ तारखेला मीरतेच्या रिसाल्यातल्या नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी जी काडतुसे घ्यायचे नाकारले, ती तर जुन्या पद्धतीचीच होती. नवे वंगण त्यांना लागलेलेच नव्हते. ९ मे रोजी त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले. सरकार सांगते त्यात खोट असणार, असे शिपायांनी धरून ठेवले होते, आणि तसे धरायला त्यांच्याजवळ चरबीखेरीजही पुष्कळ कारणे होती. पण हा वणवा पेटायला गोळीवरचा तो तेलकट थरच निमित्त व्हावा, यात मला नवल वाटत नाही. जी वस्तू रोज हातात धरायची, तोंडाला लावायची, तिच्या अंगावर काय आहे हे माणसाला ठाऊक नसावे आणि ठाऊक असणाऱ्याने सांगू नये, यापरता अविश्वासाला कोणता पुरावा हवा?

आमच्या विषयाच्या माणसाला येथे वरसईचे विष्णुभट गोडसे आठवल्यावाचून राहत नाहीत. बिचारे दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. वाटेत शिपायांच्या तोंडून ऐकलेली काडतुसांची कथा त्यांनी आपल्या 'माझा प्रवास' मध्ये नोंदवून ठेवली आहे. ते पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. गोळीच्या वंगणाचा मराठी गद्याशी असा धडधडीत संबंध आहे, हे आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना मी अधूनमधून ऐकवत असतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८८२ साली एडुआर्ड रुबिन या स्विस अधिकाऱ्याने शिशाच्या गोळीला तांब्याचे कवच चढवले. लष्करांनी ते उचलले, आणि आज दुकानात विकत मिळणारी बहुतेक काडतुसे कवचाचीच असतात. (डमडमचे नाव १८९० नंतर पुन्हा एकदा कुप्रसिद्ध झाले, ते कवचाचे टोक उघडे ठेवून अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळीमुळे. १८९९ च्या हेग परिषदेने तशा गोळ्यांना युद्धात बंदी घातली.) पण तांब्याचे कवच घरी करता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी आपली जुनी रीत सोडली नाही. ओतलेल्या गोळीला कंगोरे ठेवायचे आणि त्यांत मधमाश्यांचे मेण आणि एक तेलकट रसायन यांचे मिश्रण भरायचे. हात चिकट, डबे चिकट, बार उडाला की धूर, आणि बंदूक आतून काळीमिट्ट. मेण आणि चरबी यांचे राज्य असे डमडमनंतरही शंभर-सव्वाशे वर्षे चालूच होते.

ते खालसा केले रंगाच्या पावडरीने. ही पावडर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. तुमच्या रेफ्रिजरेटरचे अंग, धुण्याच्या यंत्राची पेटी, लोखंडी कपाट, खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट, यांवरचा तो एकसारखा, ओघळ नसलेला, खरवडूनही न निघणारा रंग ब्रशाने दिलेला नसतो. प्लास्टिकच्या जातीची पिठासारखी बारीक भुकटी त्या पत्र्यावर विजेच्या आकर्षणाने बसवलेली असते आणि मग भट्टीत भाजून तिचे कातडे केलेले असते. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर या शास्त्रज्ञाने या पद्धतीचा पाया घातला. तो तापवलेली वस्तू तरंगत्या पावडरीत बुडवी. विजेने फवारण्याची युक्ती १९६० च्या सुमाराची. आज भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारला तर पावडर कोटिंगच्या पाट्या जागोजागी दिसतात. कोणा अमेरिकन हौशी माणसाला वाटले, की जे कातडे कपाटाच्या पत्र्याला इतके घट्ट धरून बसते, ते गोळीला का धरणार नाही?

भाच्याने हा सारा विधी एका रविवारी मला व्हिडिओवर दाखवला. फवाऱ्याची महागडी बंदूक त्याच्याजवळ नाही. त्याची सामग्री म्हणजे श्रीखंडाच्या डब्यासारखा झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा, मुलांच्या खेळातल्या बंदुकीचे मूठभर काळे प्लास्टिकचे छर्रे, आणि दोन चमचे लाल पावडर. डबा कोणताही चालत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा, ज्याच्या बुडाला त्रिकोणात पाचाचा आकडा असतो, तो लागतो. त्यात गोळ्या घालून डबा मिनिटभर गोलगोल हलवायचा. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तीच वीज येथे घर्षणाने उत्पन्न होते आणि पावडर गोळीला जाऊन बिलगते. झाकण काढले तेव्हा करड्या गोळ्या लालभडक झाल्या होत्या. हवा दमट असली की पावडर नीट बसत नाही, असा या मंडळींचा अनुभव आहे. ओहायोच्या कोरड्या हिवाळ्यात काम उत्तम होते, ऑगस्टात होत नाही. आमच्या रत्नागिरीला आषाढ-श्रावणात हा उद्योग कोणी मांडला, तर पावडर डब्यालाच नमस्कार करून खाली बसेल.

मग एकेक गोळी चिमट्याने उचलून तबकात उभी करायची. एकीला दुसरी लागता कामा नये, नाहीतर भाजताना जुळी होतात. (चकल्या तळणाऱ्यांना हे सांगायला नको.) तबक विजेच्या छोट्या भट्टीत, २०० अंशांना, साधारण वीस मिनिटे. येथे थोडे भान लागते. शिसे ३२७ अंशांना वितळते हे खरे, पण ओतकामासाठी त्यात कथील आणि अँटिमनी मिसळलेले असतात, आणि त्या मिश्रणाचा वितळबिंदू पुष्कळ खाली, काही वेळा २४० अंशांच्या आसपास येतो. स्वस्त भट्टीचा काटा चाळीस अंशांनी चुकला, तर सकाळी मांडलेल्या रांगांच्या जागी संध्याकाळी डबके मिळायचे. भाचा म्हणून भट्टीत निराळा तापमापक ठेवतो.

निवल्यावर परीक्षा. एक गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी करायची. शिसे चेचले जाते, पण कातडे फुटले नाही, टवका उडाला नाही, तर भाजणी साधली. पुढे गोळ्या एका पोलादी भोकातून दाबून सारख्या मापाच्या करतात, कारण हे कातडे अंगावर इंचाचे एक-दोन हजारांश जाडी चढवते, आणि बंदुकीच्या हिशेबात तेवढी जाडी थोडी नव्हे. लाभ काय? नळीत शिसे चिकटत नाही, मेणाचा धूर नाही, हात कोरडे राहतात. आणि गोळीच्या बुडालाही कातडे असल्यामुळे जळता वायू उघड्या शिशाला शिवत नाही. भाचा मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मामा, हे शिसे आता पुरते झाकले गेले. हातात घेतले तरी काही नाही."

या वाक्यापाशी त्याच्या घरात भांडण सुरू होते. त्याकडे येण्यापूर्वी हे शिसे येते कोठून, ते सांगायला हवे.

बरीच वर्षे ते मोटारींच्या चाकांवरून येत असे. चाकाचा तोल साधायला रिमवर शिशाची वजने लावत. गॅरेजवाले ती बादलीने देत. पर्यावरणाच्या कायद्यांमुळे ती वजने आता मागे पडत आहेत. युरोपात प्रवासी मोटारींना ती २००५ पासून बंद झाली आणि अमेरिकेतल्या काही राज्यांनी पुढे तसेच केले. दुसरे शिसे छापखान्यांचे. लायनोटाइप यंत्र ज्या धातूच्या ओळी ओती, त्यात शंभरात चौऱ्याऐंशी भाग शिसे, बारा अँटिमनी आणि चार कथील असे. हा धातू कडक आणि साच्यात सुरेख भरणारा. न्यूयॉर्क टाइम्सने १९७८ च्या जुलैत तप्त धातूची छपाई बंद केली, आणि त्या सुमारास देशभरच्या छापखान्यांनी आपापले धातू भंगारात काढले. गोळ्या ओतणाऱ्यांची त्या दिवसांत दिवाळी झाली. भाच्याजवळही एका म्हाताऱ्या मुद्रकाकडून घेतलेली चार लगडी आहेत. त्यांतल्या एकीवर न वितळलेली एक ओळ उलट्या अक्षरांत अजून दिसते. ती तेवढी त्याने राखून ठेवली आहे. ज्या धातूचे खिळे जुळवून आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे, पोथ्या आणि दिवाळी अंक निघाले, तोच हा धातू, हे मनात आले की मला त्या लाल गोळ्यांकडे सरळ पाहवत नाही. पण तो माझ्या धंद्याचा हळवेपणा झाला.

घरी गोळ्या ओतण्याची रीत मात्र अमेरिकेत त्या राष्ट्राइतकीच जुनी आहे. १७७६ च्या जुलैची ९ तारीख. स्वातंत्र्याचा जाहीरनामा न्यूयॉर्कमध्ये सैन्याला वाचून दाखवला, आणि त्या संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीन या चौकातला तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वर सोन्याचा मुलामा. त्याचे तुकडे कनेटिकट प्रांतातल्या लिचफील्ड गावी ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी पोचले. वोलकॉट म्हणजे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या अंगणात बायकामुलांनी राजा वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. वोलकॉटांनी त्याचा हिशेब लिहून ठेवला आहे, आणि तो दुकानदाराच्या खातेवहीसारखा चोख आहे. एकूण गोळ्या ४२,०८८. रूथ मार्विन यांनी ११,५९२. वोलकॉटांच्या मुली लॉरा हिने ८,३७८ आणि मेरी अॅन हिने १०,७९०. धाकट्या फ्रेडरिकने ९३६. मेरी अॅन त्या वेळी अकरा वर्षांची होती. फ्रेडरिकला नववेही लागायचे होते.

देशभक्तीची गोष्ट म्हणून ती तिकडे कौतुकाने सांगतात, आणि का सांगू नये? पण मी तो हिशेब वाचला तेव्हा माझी नजर फ्रेडरिकच्या ९३६ वर अडली. आठ वर्षांचा मुलगा, उघडा साचा, वितळलेले शिसे. त्या दिवशी रात्री जेवणापूर्वी त्याने हात धुतले असतील का?

शिसे अंगाला बाधते हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते असे नाही. त्याच जाहीरनाम्यावर सही करणारे बेंजामिन फ्रँकलिन मूळचे मुद्रक. विशीच्या आत-बाहेर असताना ते लंडनच्या छापखान्यात काम करीत. थंडीच्या दिवसांत खिळ्यांची पेटी शेकोटीपुढे धरली की खिळे हाताला उबदार लागतात, म्हणून तसे करीत. एका म्हाताऱ्या कामगाराने त्यांना बजावले, की असे केल्याने काही जुळाऱ्यांचे हात जवळजवळ निकामी झाले आहेत. हाडांत बारीक दुखणे त्यांना स्वतःलाही जाणवू लागले होते. पुढे एका टाइप फाउंड्रीतल्या माणसाने त्यांना सांगितले, की दोष वाफेचा नव्हे. धातू हाताळून बोटे न धुता भाकरी खाणाऱ्या गबाळ्या कामगारांच्या पोटात तो जातो. फ्रँकलिनना त्यात तथ्य वाटले, तरी वाफेची भीती काही गेली नाही. १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे सारे नमूद केले आहे, आणि एखादे उपयुक्त सत्य माहीत होऊनही ते अमलात यायला किती काळ लागतो, याचा विषादही व्यक्त केला आहे.

फाउंड्रीतल्या त्या माणसाचे निदान पुष्कळ अंशी बरोबर होते. गोळ्या ओतताना शिसे साडेतीनशे-चारशे अंशांवर असते. त्या उष्णतेला त्याची वाफ फार थोडी होते. धोका असतो तो वर जमणाऱ्या राखाडी साईत. ती काढली की तिची भुकटी होते आणि बाकावर, बाहीवर, जोड्यांच्या तळव्यांवर बसते. वापरलेल्या पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळ तर आणखी वाईट, कारण बहुतेक टोप्यांच्या मसाल्यात शिशाचेच एक संयुग असते. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात ती थोडी मुरते. रांगणारे मूल मात्र जमिनीवरचा हात तोंडात घालते, आणि त्याचे कोवळे आतडे मोठ्यापेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. मेंदूची जी हानी होते ती भरून येत नाही. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना आता म्हणतच नाही. अमेरिकेतल्या आरोग्य खात्याने मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष वेधणारी रेषा २०१२ साली दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमवर ठेवली होती, ती २०२१ साली ३.५ वर आणली.

आता भाच्याच्या घरातले भांडण. त्यांना तीन वर्षांची मुलगी आहे. सूनबाई बायोकेमिस्ट्री शिकलेली. रंगीत गोळ्या तिला पहिल्या दिवसापासून खुपत होत्या, आणि त्यातही त्यांचा रंग खुपत होता. "काळ्या, मळक्या गोळ्यांना मुलगी हात लावणार नाही. तुम्ही त्या पेपरमिंटसारख्या करून ठेवल्यात," असे तिचे म्हणणे. त्या दिवसापासून लाल-पोपटी बंद झाले आणि मातकट करडी पावडर आली. भट्टीत पुन्हा कधी खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, हा नियम पूर्वीपासूनच होता. तिने त्या भट्टीच्या दारावर कवटीचे चित्र चिकटवले. गॅरेजचे कपडे निराळे धुवायचे. चपला दाराबाहेर, ही तर आपल्याकडची जुनीच शिस्त, ती तेथे औषधासारखी लागू पडली.

भाच्याचे म्हणणे असे, की मेणाच्या दिवसांत हातांना शिसे अखंड लागायचे, आता कातड्यामुळे ते झाकले आहे. मैदानावर, डब्यात, खिशात, कोठेही उघडे शिसे नाही. हे खरे आहे आणि या पद्धतीचा तो मोठा गुणच आहे. पण सूनबाईने मला विचारले, "मामा, गोळी झाकते हे कबूल. पण ती ओतताना शिशाला कोणता अंगरखा असतो?"

या प्रश्नाला भाच्याजवळ उत्तर नव्हते आणि माझ्याजवळही नाही. पावडर कोटिंग ओतकामाच्या नंतर येते. साय काढताना, साचा उघडताना, पुंगळ्या घुसळताना ते काही कामाचे नाही. पलीकडच्या टोकालाही तेच. गोळी मैदानाच्या बांधावर आदळून फुटली की कातडेही फाटते आणि शिसे पुन्हा उघडे पडते. बंदुकीची नळी आणि नेमबाजाची बोटे, एवढ्यांपुरताच हा अंगरखा आहे. माझे स्वतःचे मत विचाराल तर हे हस्तकौशल्य मला आवडले. तापमान, घर्षण, माप यांचा मेळ घालून माणूस दुपारभर एका कामात बुडतो, याचे मला कौतुकच आहे. मात्र ज्या छपराखाली मूल निजते, तेथे शिशाची कढई नको. छंद तोच, पण भिंत दुसरी हवी.

आपल्याकडे कोणाला हे वाचून हुरूप आला असेल, तर कायदा सांगून ठेवतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही येतात. भोसरीच्या भट्टीत खिडक्यांच्या चौकटीच भाजाव्यात.

ओहायोत गेल्या ऑक्टोबरात मुलीचे रक्त तपासले, तेव्हा आकडा २.९ आला. डॉक्टर म्हणाले, रेषेच्या खाली आहे, काळजी नाही. सूनबाई म्हणाली, रेषा नऊ वर्षांत दीड अंकाने खाली आली आहे, पुढे आणखी येईल, मी रेषेवर विसंबणार नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. मग एका शनिवारी भाच्याने शेगडी, कढई, साचे आणि छापखान्याच्या लगडी गाडीत घालून मैलभरावर राहणाऱ्या एका मित्राच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या. त्या मित्राची मुले मोठी होऊन घर सोडून गेली आहेत. पुंगळ्या घुसळण्याचे यंत्रही तिकडेच गेले. गॅरेज साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून काढले. झाडू मुद्दाम लावला नाही, कारण झाडूने धूळ उडते. पावडरीचा डबा आणि भट्टी तेवढी गॅरेजमध्ये राहिली, कुलपात. मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासले. आकडा १.४ होता.